सहा नंबरची प्लेट

९ फेब्रुवारी, रविवार

ठराव पास! हात मोजायचीसुद्धा गरज पडली नाही.

आवाज पार बसलाय. कँटीनमध्ये सभा, माइक नेहमीप्रमाणे ऐन वेळी मेला, मग टेबलावर उभं राहून ओरडलो. कंपनीला ठेकेदाराची माणसं हवीत — आज आणली, उद्या हाकलली. आमचे जुने वेल्डर एकेक करून रिटायर होतायत. युनियनचं म्हणणं एवढंच की बाहेरून माणसं आणू नका, आम्ही तयार करून देतो. मागच्या जुन्या शेडमध्ये अप्रेंटिसांची शाळा काढायची, शिकवणार आमचीच माणसं, सहा महिन्यांनी परीक्षा, आणि जो पास होईल त्याला कायमची नोकरी. कंपनी ‘बघू’वरून ‘एक बॅच करून दाखवा’वर आलीय. हेही थोडं नाही.

मी काय काय बोललो ते आता नीट आठवत नाही. एक वाक्य मात्र सेक्रेटरीनं पाठच करून टाकलंय — “ज्याला आपल्या पोरांना हाताचं काम शिकवायची लाज वाटते, त्यानं युनियनचा बिल्ला लावू नये!” टाळ्या. शिट्ट्यासुद्धा.

घरी आलो तर ही म्हणाली, “सभेत बरा कंठ फुटतो. घरातला नळ गळतोय म्हणून चार वेळा सांगितलं, तेव्हा ऐकूसुद्धा येत नाही.”

१० फेब्रुवारी

नळ दुरुस्त केला.

२ मार्च, रविवार

काय लिहू? डोक्याचा भुगा झालाय.

जेवताना लेक म्हणाली, “बाबा, मी नाव दिलं.” मला वाटलं कॉलेजची सहल असेल. म्हटलं, दे की. “अप्रेंटिसला दिलंय. उद्यापासून.”

घास तोंडातच राहिला. कॉलेजचं दुसरं वर्ष! आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. लेक चढली तेव्हा मी कारखानाभर पेढे वाटले होते. म्हटलं, अगं, पण का? तर म्हणे, “तिथं मला निम्मं कळत नाही, आणि जे कळतं त्याचं पुढं काय करायचं ते कोणालाच माहीत नाही. आणि तुम्हीच म्हणालात ना? तुमच्या सभेला मी मागच्या दाराशी उभी होते. अंगावर काटा आला माझ्या.”

मी बायकोकडे बघितलं. ही ओरडेल, रडेल, काहीतरी करेल म्हणून. हिनं शांतपणे डाव खाली ठेवला आणि मला म्हणाली, “आता बोला ना. टेबलावर उभं राहून.”

काय बोलणार? मी ते दुसऱ्यांच्या पोरांबद्दल बोलत होतो, असं सांगू?

३ मार्च

शाळा सुरू. आठजण. लेक माझा कामाचा जुना कोट घालून गेली. बाह्या दुमडलेल्या.

७ मार्च, शुक्रवार

कॅलेंडरवर ही रोज एक फुली मारते. कसली म्हणून विचारलं. “पोरगी कंटाळून परत कॉलेजला जाईपर्यंतचे दिवस.”

मलाही मनातून तसंच वाटतं. पण तसं वाटणं म्हणजे युनियनच्या विरोधात वाटणं! शाळा चालावी म्हणून मीच भांडलो, आणि त्याच शाळेतून एक मुलगी पळून यावी म्हणून मीच वाट बघतोय. मी नक्की कोणाच्या बाजूला आहे?

२५ मार्च

आज लाज वाटली. कशाची ते धड सांगता येत नाही, म्हणून लिहून बघतो.

वरच्या मजल्यावरचे मास्तर जिन्यात भेटले. “काय म्हणते कन्या? कॉलेज कसं काय?” मी म्हणालो — “चाललंय.” चाललंय! पुढं एक अक्षर नाही. चांगली पंचवीस वर्षं मी वेल्डर आहे. कोणी विचारलं तर छाती काढून सांगतो. मग लेकीचं सांगताना जीभ का अडखळली? जिना उतरताना स्वतःचाच राग आला. मग मास्तरांचा आला. त्यांचा काहीएक दोष नव्हता.

१६ एप्रिल

पहाटे लेक उठून बसली. डोळे लाल, पाणी थांबेना, वाळू गेल्यासारखं खुपतंय म्हणाली. ठिणगीकडे काच न लावता बघितलं असणार. पहिल्या वर्षात प्रत्येकाला होतं, मलाही झालं होतं. हिनं ओल्या पट्ट्या ठेवल्या आणि सगळा वेळ माझ्याकडे रागानं बघत राहिली, जणू वीज मीच शोधून काढली.

मी लेकीला म्हणालो, सोड हे. अजून नाव काढलेलं नाही कॉलेजनं.

पट्टीखालून म्हणाली, “तुम्ही सोडलं होतं?”

नव्हतं सोडलं. पण मला जायला दुसरी जागा नव्हती, हे तिला कसं सांगायचं?

१८ एप्रिल

परत गेली.

८ जून, रविवार

शिलाईताई घरी आली होती. शेडमध्ये वेल्डिंगसाठी पत्र्याची खोपटी केलीत, त्यातल्या लेकीच्या शेजारच्या खोपटात शिकते. खरं नाव काय ते कोणी विचारत नाही. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती, तो बंद पडला, म्हणून शिलाईताई. पस्तिशीची असेल. दोन मुलं, नवरा परागंदा, सासू मुलांना सांभाळते आणि रोज ऐकवते. चहा घेतला, बशी स्वतः विसळून ठेवली. हिच्याशी मात्र गप्पा झाल्या. ही आतून हसत होती, कित्येक दिवसांनी.

लेक शाळा सुटल्यावर तिला शिकवायला थांबते म्हणे. मी म्हटलं, शिकवायला काका आहेत की — आमचा रिटायर झालेला जुना वेल्डर, त्यालाच नेमलंय. लेक म्हणाली, “काका ओरडतात हो. ताई घाबरली की हात थरथरतो.”

जाताना शिलाईताई मला म्हणाली, “तुमच्या युनियनमुळे दार उघडलं, दादा. या वयात कोण शिकवतं?” बरं वाटलं. फार बरं वाटलं. शिलाईताईसाठी मी छातीठोकपणे पुन्हा टेबलावर चढेन. मग स्वतःच्या पोरीसाठी का चढवत नाही? एकाच डोक्यात दोन माणसं भाड्यानं राहतायत आणि एकमेकांशी बोलत नाहीत, असं झालंय माझं.

१२ जुलै, शनिवार

लेकीनं सरावाचे तुकडे घरी आणून दाराशी ठेवलेत. ती अंघोळीला गेल्यावर एक उचलून उजेडात बघितला.

चांगला आहे. चांगला काय, छान आहे! लेक डावखुरी, त्यामुळे आमच्या उलट जाते — आम्ही डावीकडून सुरू करून उजवीकडे ओढतो, लेक उजवीकडून डावीकडे. जोडावरच्या लाटा सारख्या, एकसारख्या. शेवटी रॉड उचलताना सगळ्यांच्या हातून एक खड्डा राहतो. लेक जराशी मागं येऊन तो भरते. हे तिला कोणी शिकवलं? काकानं नाही, त्याचे खड्डे मी अजून ओळखतो.

बाथरूमचं दार वाजलं तसा तुकडा घाईनं खाली ठेवला. चोरी करताना सापडल्यासारखा.

चांगली निघाली म्हणजे पास होणार. पास झाली म्हणजे कायमची. कायमची म्हणजे माझ्यासारखी — पन्नाशीत खोकला, गळ्यावर डागांची नक्षी, रात्री डोळ्यांत जळजळ. हेच का हवं होतं मला? आणि नको होतं तर मग सभेत कोण ओरडत होतं?

५ ऑगस्ट, मंगळवार

सेक्रेटरीनं परीक्षा माझ्या गळ्यात घातली. हेड वेल्डर मीच, दुसरा कोण बघणार? मी म्हटलं, माझी लेक आहे त्यात. म्हणाला, “म्हणूनच तर आकडे ठेवलेत!”

झालं असं की काही मेंबर कुजबुजत होते, युनियनवाल्यांच्या घरचीच पोरं पास करतील. म्हणून परीक्षेत जी लोखंडी प्लेट जोडायची तिच्यावर नाव नाही. स्टोअरवाला आधीच कोपऱ्यात एक आकडा ठोकून ठेवणार, चिठ्ठी उचलून ज्याला जो आकडा येईल तो त्याचा. आकडा आपल्याकडे सरळ ठेवून प्लेट बांधायची, जोड मारायचा, निघून जायचं. मग मी आणि सेक्रेटरी आत. “तुला काय कळणार कोणाची कुठली?” असं तो म्हणाला.

सेक्रेटरी टर्नर आहे. लेथवर जन्म गेला. त्याला सगळे जोड सारखेच दिसतात. मला मात्र माणसाच्या अक्षरासारखे वेगवेगळे दिसतात.

हे तिथंच सांगायला हवं होतं. मूग गिळून बसलो. का, ते माहीत नाही. खरंच माहीत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

ही म्हणाली, “कॉलेजात विचारून आले मी. पुढच्या महिन्याअखेर आली तर वर्ष वाया जाणार नाही म्हणाले.” मग थोडं थांबून — “परीक्षा तुमच्याकडेच आहे ना?”

एवढंच. भाजी निवडत राहिली.

३० ऑगस्ट, शनिवार

झालं ते जसं झालं तसं लिहितो.

टेबलावर आठ प्लेटा. आधी नुसत्या डोळ्यांनी बघायचं. जोडाच्या कडेला लोखंड जळून चर पडला असेल तर आम्ही म्हणतो कड खाल्ली. ती प्लेट तिथंच बाद. बाकीच्या प्रेसमध्ये घालून वाकवायच्या. जोड फुटला तर नापास, न फुटता वाकला तर पास. सोपं आहे.

एक ते पाच बघितल्या. सगळ्या डावीकडून उजवीकडे. सहावी उचलली — उजवीकडून डावीकडे. शेवटचा खड्डा मागं येऊन भरलेला. सात आणि आठ घाईनं बघून टाकल्या. पुन्हा डावीकडून. पुन्हा सहा हातात घेतली.

काही ठरवलं नव्हतं. शपथेवर सांगतो, ठरवलं नव्हतं! जिन्यातले मास्तर आठवले, ओल्या पट्ट्या आठवल्या, हिची भाजी आठवली. सेक्रेटरीनं विचारलं, “काय झालं?” आणि माझ्या तोंडून निघालं, “कड खाल्लीय.”

त्यानं मान डोलावली. भंगाराच्या पेटीत टाकली.

बाकीच्यांतली एक प्रेसमध्ये फुटली. सहा पास. सेक्रेटरी खूश — आठात सहा म्हणजे कंपनीचं तोंडच बंद. माझ्या पाठीवर थाप मारली. आकडा कोणाचा कुठला ते सोमवारी लावणार.

घरी येऊन हिला सांगितलं नाही. लेक विचारत होती, “कशा होत्या हो प्लेटा?” म्हटलं, बऱ्या होत्या.

तिचं भलंच केलं मी. केलं ना?

३१ ऑगस्ट

तिला काय सांगायचं त्याची दिवसभर तयारी. एका परीक्षेनं काही होत नाही, कॉलेज अजून घेतंय, कधी कधी नशीब... सभेत कधी एवढी तयारी केली नव्हती.

१ सप्टेंबर, सोमवार

लेक धावत आली. कोट काढलाच नाही. टेबलावर ठण्णकन् काहीतरी ठेवलं — वाकवलेली प्लेट, नालासारखी, जोडावर एक भेग नाही. कोपऱ्यात आठ.

“पास! बाबा, पास! ओळखली नाहीत ना?”

ही स्वयंपाकघरातून आली, प्लेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला काहीच कळेना. आठ तर डावीकडून उजवीकडे होती.

लेक हसत सांगत होती. “तीन आठवडे गुपचूप सराव केला. हात डावाच, पण उलट दिशेनं ओढायचं. आणि शेवटचा खड्डासुद्धा मुद्दाम अर्धाच भरला. तुम्ही बघणार म्हटल्यावर दुसरं काय करणार? माझा हात तुम्ही अंधारातसुद्धा ओळखला असता. मग लोक म्हणाले असते, बापानं पास केलं. आणि तुम्हालाही मोह झाला असता. खरं सांगा, झाला असता ना?”

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाच माहीत नाही.

मग तिचा चेहरा उतरला. “शिलाईताईची गेली हो. सहा नंबर. कड खाल्ली म्हणाले. एवढी छान जमत होती तिला! उजव्या हाताची असून उलटी जायची, माझंच बघून शिकली ना — काका नेहमी ओरडायचे. शेडच्या मागं जाऊन रडली. नीट बघितली होतीत ना तुम्ही?”

“नियम आहे,” मी म्हणालो.

नियम आहे! हे माझ्या तोंडून आलं.

हिनं गोड करायला घेतलं. माझी वाटी तशीच राहिली.

३ सप्टेंबर

काय करू? सेक्रेटरीला सांगितलं तर सगळ्यांना कळणार. कुजबुजणारे खरे ठरतील, युनियनच्या शाळेत बाप परीक्षा घेतो आणि मनाला येईल त्याला पाडतो. कंपनी तर टपलेलीच आहे. दुसरी बॅच गेली, शाळा गेली. सगळ्यांच्या पोरांची वाट बंद. नाही सांगितलं तर — एका बाईची बंद.

कितीही उलटसुलट केलं तरी हिशोब लागत नाही. आणि त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही की लेक पास झाली याचा मला आनंद होतोय. काल कारखान्यात कोणीतरी अभिनंदन केलं तेव्हा मी हसलो. मनापासून हसलो! मग हे सगळं केलं कशासाठी?

५ सप्टेंबर, शुक्रवार

फाटकापाशी शिलाईताई भेटली. मला वाटलं तोंड फिरवेल. नाही. “दादा, कड का खाल्ली ते एकदा दाखवाल का? वीज जास्त झाली की हात हळू पडला? पुढच्या वेळेला सुधारीन.”

पुढची वेळ कधी, आहे की नाही, तिला माहीत नाही. मलाही नाही. म्हटलं, दाखवीन. आणि भराभर चालू लागलो. मागून म्हणाली, “घाई नाही, दादा.”

सेक्रेटरीच्या दारापर्यंत गेलो. आत कोणीतरी होतं. परत आलो. आत कोणी नसतं तरी परत आलो असतो.

७ सप्टेंबर, रविवार

सकाळी लेकीनं सहा नंबर माझ्यासमोर ठेवली. वाकवलेली. काल भंगाराच्या पेटीतून काढून स्वतःच प्रेसमध्ये घातली म्हणाली. एक भेग नाही.

“कड कुठं खाल्लीय, बाबा? मी भिंगाखाली धरून बघितली. दाखवा ना.”

मी बोट ठेवायला गेलो. ठेवायला जागाच नव्हती. ती माझं बोट बघत होती. मग जोडाकडे — उजवीकडून डावीकडे. मग माझ्या तोंडाकडे.

“ही माझी समजून,” ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. मग लहान असताना बोलायची तशा आवाजात — “म्हणजे तुम्ही मला नापास केलं होतं.”

मी हो म्हणालो.